मास्तरांची कापणी कागदावर : प्रकल्प नोंदी

10 जून 2024

कोल्हापुरात मंगळवार पेठेतील आमच्या घराच्या माडीवर सध्या पाच शिवणयंत्रे चालतात आणि त्यांवर बसणाऱ्या चौघी बायका माझ्यापेक्षा सफाईने टीप मारतात, हे लिहिताना मला संकोच वाटत नाही. अडचण कापणीची आहे. कापड बेतणारी मी एकटीच असल्यामुळे मी आजारी पडले किंवा घरच्या एखाद्या कार्यात अडकले की दुपारनंतर यंत्रे थांबतात आणि बायका काज-बटणे करीत वेळ काढतात. गेल्या नवरात्रात याच कारणाने 21 ब्लाउज घटस्थापना उलटून गेल्यावर द्यावे लागले आणि त्यांतील दोघी गिऱ्हाइके पुन्हा आली नाहीत.

म्हणून एक काम ठरवून हाती घेत आहे. प्रिन्सेस कट ब्लाउजचा (ज्याचा पुढचा भाग उभ्या वळणदार शिलाईने मधल्या आणि बाजूच्या तुकड्यांत विभागलेला असतो) एकच नमुना, छाती 32, 34, 36, 38 आणि 40 अशा पाच मापांत, कागदावर उतरवायचा. तो इतका पक्का हवा की माडीवरील कोणीही तो कापडावर ठेवून, कडेने खडू फिरवून, मला न विचारता कापू शकेल. मुदत 3 ऑक्टोबरच्या घटस्थापनेपर्यंतची आहे.

पाया म्हणून मास्तरांची कापणी घ्यायची आहे. आयटीआयचा अभ्यासक्रम संपवल्यावर मी तीन वर्षे त्यांच्या शिवाजी पेठेतील शिंपीकामाच्या दुकानात शिकायला बसले होते, आणि त्यांच्या ब्लाउजचा मुंढा (बाही जोडायचे काखेभोवतीचे वळण) जसा बसतो तसा मला स्वतःच्या ड्राफ्टिंगने आजवर साधलेला नाही. त्यांनी आयुष्यात कधी कागद कापलेला नाही. टेप, खडू आणि थेट कापड एवढेच. काल ही कल्पना सांगितली तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "पोरी, कागदाला पाठबी नसती आन् पोटबी नसतंय. बसवून बघणार कुणावर?" मात्र नाही म्हणाले नाहीत. त्यांचा उजवा हात हल्ली थरथरतो आणि दुकानात दिवसाला दोन-तीनच ब्लाउज कापले जातात, याचाही त्यात भाग असावा.

13 जून

कागद आणला. शाळा सुरू होण्याचे दिवस असल्यामुळे वह्यांना घालायच्या खाकी कव्हरांचे रोल महाद्वार रोडवर दुकानोदुकानी बाहेर मांडलेले आहेत, त्यामुळे शोधाशोध करावी लागली नाही. जुनी वर्तमानपत्रे फुकट मिळतात आणि शिवणवर्गात आम्ही सगळ्या त्यांवरच शिकलो. परंतु छपाईची शाई फिकट रेशमावर उतरते, आणि ते डाग धुऊनही जात नाहीत. शिवाय वर्तमानपत्राची कड चार वेळा खडू फिरवल्यावर मऊ पडते आणि रेषा हलते.

कागदासाठी वेगळी कात्री ठेवली असून तिच्या मुठीला लाल दोरा गुंडाळला आहे. कागदात मिसळलेल्या खनिज भुकटीमुळे कात्रीची धार लवकर जाते, आणि ती कात्री मग कापड कापत नाही, चावते.

सर्व मापे इंच आणि सुतांत लिहिणार आहे. माडीवर कोणालाही सेंटिमीटरमध्ये विचार करता येत नाही, मलाही नाही; "दोन सूत आत घे" म्हटले की पाव इंच लगेच समजतो.

18 जून

आज पूर्ण दुपार मास्तरांच्या दुकानात होते. त्यांनी 36 छातीचा ब्लाउज साध्या पॉपलिनवर कापला आणि मी प्रत्येक तुकडा शिलाईला जाण्यापूर्वी मोजून वहीत उतरवला. "मास्तर, जरा सावकाश घ्या, मी लिहून घेते," असे म्हटल्यावर त्यांनी खडू खाली ठेवला. "सावकाश कापलं की चुकतंय बघ," म्हणाले, आणि पुन्हा आपल्याच वेगाने सुरू झाले. शेवटी मी लिहिणे सोडून पाहत राहिले आणि मोजणी नंतर केली.

टेपने त्यांनी मोजून घेतल्या त्या गोष्टी फार थोड्या होत्या: उंची, छातीचा चौथा हिस्सा, कंबर, आणि मुंढ्याची खोली. ती ते छातीच्या चौथ्या हिश्शातून दीड इंच वजा करून घेतात, म्हणजे 36 ला साडेसात. बाकीचे सर्व हाताने झाले. पण मोजल्यावर लक्षात आले की हा हात काही ठरावीक निर्णय दर वेळी तसेच घेतो, फक्त बोलून दाखवत नाही. पुढचा मुंढा मागच्यापेक्षा अर्धा इंच आत कोरलेला होता, हे मला माहीत होते. माहीत नव्हते ते असे, की मागच्या खांद्याची रेषा पुढच्यापेक्षा एक सूत लांब ठेवलेली होती. ही चूक असेल असे समजून मी विचारले, तेव्हा त्यांनी दोन्ही तुकडे हातात घेऊन मागचा खांदा बोटांनी किंचित दाबत पुढच्याला जोडून दाखवला. पाठीच्या फऱ्याच्या हाडाला तेवढी जागा लागते आणि ते एक सूत शिवताना जिरते. मी वीस वर्षे दोन्ही खांदे सारखे कापत आले आहे आणि हात पुढे घेतल्यावर पाठीत ताण येतो अशी तक्रार ऐकत आले आहे.

दुसरा निर्णय प्रिन्सेस रेषेचा. पुस्तकातील आकृतीत ही रेषा छातीच्या बिंदूवरूनच जाते. मास्तरांची रेषा त्या बिंदूच्या तीन सूत बाहेरून, काखेच्या बाजूने जाते. याचे कारण विचारल्यावर "असंच बसतंय" एवढेच उत्तर मिळाले, पण कारण उघड आहे: शिलाई नेमकी बिंदूवर आली तर तिथे टोक येते, थोडी बाजूने गेली तर गोलाई राहते.

तिसरा निर्णय पाठीच्या गळ्याचा. गळा 7 इंचांहून खोल असेल तर ते त्याची रुंदी दोन सुतांनी कमी करतात, अन्यथा खांदे बाजूला घसरतात. हे मला त्यांनी पूर्वी शिकवले होते आणि मी विसरले होते, हे त्यांनी पुरेशा मोठ्या आवाजात, दुकानात बसलेल्या गिऱ्हाइकासमोर सांगितले.

24 जून

36 चा पहिला कागद तयार झाला: पाठ, पुढचा मधला तुकडा, पुढचा बाजूचा तुकडा आणि बाही. छातीच्या 36 इंचांवर सैलपणा एक इंच धरला असून पुढचा चौथा हिस्सा साडेनऊ आणि पाठीचा नऊ असा विभागला आहे. हा कागद निव्वळ शिलाईच्या रेषेवर कापलेला आहे, त्यात माया, म्हणजे शिलाईबाहेर कडेने सोडायचे जास्तीचे कापड, धरलेली नाही. दुरुस्त्या सगळ्या याच कागदावर करायच्या आणि माया अखेरीस, सर्व रेषा ठरल्यावर जोडायची, असे ठरवले. मायेसकट कापलेल्या कागदावर रेषा हलवायची झाली की प्रत्येक वेळी दोन कडा हलवाव्या लागतात आणि त्यांतील एक विसरली जातेच.

1 जुलै

मांजरपाटावर कच्चा ब्लाउज शिवून शेजारच्या वहिनींवर बसवून पाहिला. इचलकरंजी तासाभराच्या अंतरावर असल्यामुळे कोऱ्या कापडाची आपल्याला कधी ददात नसते; तिथे 1904 पासून यंत्रमाग चालत आले आहेत आणि मीटरमागे फारसा विचार न करता आपण मांजरपाट फाडू शकतो. कापड आधी रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून घेतले होते. कोरे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते आणि न भिजवता केलेली चाचणी खोटी ठरते.

पाठ पहिल्याच फेरीत बसली. समोर मात्र काखेपासून छातीच्या बिंदूकडे जाणाऱ्या तिरप्या चुण्या दिसल्या. चुणी ज्या जागेकडे बोट दाखवते तिथे कापड कमी असते, हा मास्तरांचा नियम आहे. म्हणून मुंढा आणखी कोरण्याचा मोह आवरला. वहिनींच्या अंगावरच ब्लाउज छातीच्या रेषेत आडवा कापला. दोन भाग आपोआप तीन सूत लांब सरकले आणि चुण्या गेल्या. तेवढीच पट्टी खाली जोडली. नंतर कागदही त्याच जागी आडवा कापून मध्ये तीन सुतांची कागदी पट्टी चिकटवली. हे कापडावर थेट कापणाऱ्याला करता येत नाही, म्हणजे करता येते पण पुढच्या ब्लाउजाला तो ते लक्षात ठेवून पुन्हा करतो. कागदावर ते एकदाच करावे लागते. मास्तरांना संध्याकाळी फोनवर सांगितले तर म्हणाले, "माझ्या ध्यानात ऱ्हातंय." राहते, हे खरे आहे.

5 जुलै

आजचा दिवस एका शिलाईवर गेला. प्रिन्सेस कटमध्ये मधल्या तुकड्याची कड बाहेरून गोल आणि बाजूच्या तुकड्याची वेगळ्या वळणाची असते, आणि त्या दोन्ही एकमेकींवर जोडायच्या असतात. सकाळी मी माया जोडून पाहिली, दोन्ही कापलेल्या कडा मोजल्या आणि त्यांत पाऊण इंचाचा फरक आला. तासभर मुंढ्यात चूक शोधत बसले. मग लक्षात आले की मोजायची ती कड नव्हे, शिलाईची रेषा. बाहेर फुगलेल्या वळणाला अर्धा इंच माया जोडली की कड लांबते, आत गेलेल्या वळणाला जोडली की ती आखडते. शिलाईच्या रेषा सारख्या असूनही कडा सारख्या राहत नाहीत आणि राहूही नयेत.

वळणदार रेषा मोजण्यासाठी टेप आडवी न ठेवता तिच्या कडेवर उभी धरून रेषेवरून चालवली. अशी चालवली तरच ती वळते; आडवी टेप वळणावर खोटे माप सांगते. या मोजणीत शिलाईच्या रेषांमध्ये केवळ दोन सुतांचा फरक निघाला. त्यांतील एक सूत बाजूच्या तुकड्यावरून कमी केले आणि एक मुद्दाम ठेवले, कारण छातीच्या फुगवट्यावर तेवढे कापड जिरवले तर आकार छान येतो. ते कुठे जिरवायचे हे शिवणारीला कळावे म्हणून दोन्ही तुकड्यांवर दोन दोन खाचा दिल्या: खाचेला खाच जुळवायची आणि वरचे-खालचे न ओढता फक्त त्या दोन खाचांमध्ये जिरवायचे. आत वळलेल्या कडेला शिवण्यापूर्वी मायेत छोटे काप द्यावे लागतात, ही सूचना कागदावरच लिहिली.

बाहीचीही अशीच फेरमोजणी केली. बाहीचा गोल मुंढ्यापेक्षा पाऊण इंचाने मोठा आहे. तो आधीच तसा होता, म्हणजे मास्तरांचा हात इथेही बरोबर होता.

16 जुलै

पाच मापांची वाढ काढली. छाती प्रत्येक मापाला 2 इंचांनी वाढते, म्हणजे चौथ्या हिश्शात अर्धा इंच. समोरच्या बाजूस हे चार सूत दोन तुकड्यांत वाटायचे असतात; छातीच्या दोन बिंदूंमधील अंतर छातीच्या घेराइतक्या वेगाने वाढत नाही, म्हणून मधल्या तुकड्याला दीड सूत आणि बाजूच्या तुकड्याला अडीच सूत दिले. खांदा दर बाजूस फक्त एक सूत वाढवला. नवशिक्या मुली सगळीकडे सारखी वाढ देतात आणि मग 40 च्या ब्लाउजचे खांदे दंडावर उतरतात. बाई जाड झाली म्हणून तिची खांद्याची हाडे रुंद होत नाहीत.

मुंढ्याच्या खोलीने जास्त वेळ घेतला. मास्तरांच्या हिशोबाने 32 ला साडेसहा, 36 ला साडेसात आणि 40 ला साडेआठ इंच येतात. माझ्या गिऱ्हाइकांच्या वहीत पाहिले तर हा हिशोब मधल्या मापांना चोख लागू पडतो आणि दोन्ही टोकांना बिघडतो: 32 च्या मुलींना साडेसहाचा मुंढा काचतो, 40 च्या बायकांना साडेआठचा मुंढा इतका खाली येतो की हात वर केला की अख्खा ब्लाउज वर जातो. मास्तरांना विचारले. ते स्वतः 40 ला कधीच सव्वाआठच्या पुढे जात नाहीत आणि 32 ला पावणेसात ठेवतात. मग नियम काय, असे विचारल्यावर त्यांनी नियम पुन्हा तोच सांगितला. वहीत मी दोन्ही लिहून ठेवले आहे, कागदावर मात्र त्यांचा हात उतरवला आहे.

परदेशी तक्ते पाहून वाढ काढण्याचा विचार सुरुवातीला होता, तो सोडला. आपल्या लोकांच्या बांध्याचा सर्वमान्य तक्ताच नसल्यामुळे निफ्ट या राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने इंडियासाइझ हा प्रकल्प हाती घेतला, ज्यात 6 शहरांतील 25,000 लोकांची मापे त्रिमितीय स्कॅनरने घेण्याचे योजले होते. त्या सहांत कोल्हापूर नाही. माझ्या कामाला माझी वही पुरेशी आहे.

26 जुलै

या आठवड्यात पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यापाशी 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली. आमच्या पेठेत पाणी आलेले नाही, पण दोन बायका येऊ शकलेल्या नाहीत आणि माडीवरच्या भिंती हाताला ओलसर लागतात.

रिकाम्या वेळात कागद तपासायला घेतले आणि 36 चे पुढचे दोन तुकडे जुळेनात. तीन आठवड्यांपूर्वी मी स्वतः टेप उभी धरून मोजलेली रेषा एक सुताने लांब भरत होती. आधी टेपवर संशय आला, म्हणून लोखंडी पट्टीने मोजले. टेप बरोबर होती. कागद वाढला होता. कागदाचे तंतू दमट हवेत पाणी शोषून जाडीला फुगतात, लांबीला जवळजवळ नाहीत. आणि कारखान्यात कागद तयार होताना बहुतेक तंतू रोलच्या लांबीच्या दिशेने पडलेले असतात. म्हणून कागद रोलच्या पन्ह्याच्या, म्हणजे रुंदीच्या, दिशेने जास्त वाढतो. कागद वाचवण्यासाठी मी मधला तुकडा रोलच्या लांबीत आणि बाजूचा तुकडा आडवा मांडून कापला होता. एक वाढला, दुसरा नाही. कापडाचा उभा धागा जपायला आम्ही मुलींना पहिल्या दिवशी शिकवतो, आणि कागदालाही तसाच उभा-आडवा असतो हे मला या पावसाने शिकवले.

सर्व तुकडे आता एकाच दिशेने पुठ्ठ्यावर पुन्हा काढायचे आहेत. घड्या घालून फाइलमध्ये ठेवायचे नाहीत; वरच्या टोकाला भोक पाडून खुंटीला टांगायचे.

9 ऑगस्ट

नागपंचमीची सुट्टी असून हे लिहीत आहे, कारण काल जे झाले ते मनातून जात नाही.

राजारामपुरीतील एका मंडळाच्या महिलांसाठी 36 मापाचे सहा एकसारखे ब्लाउज शिवायचे होते. मी मुद्दाम कापणीला हात लावला नाही. माडीवरच्या चौघींपैकी आक्कांनी पुठ्ठे मांडून सहाही कापले, दोघींनी शिवले, आणि संध्याकाळी पहिला अंगावर घातला तेव्हा तो पोत्यासारखा लोंबत होता. छाती 37 ऐवजी 41 भरली. गंमत म्हणजे गळा मात्र आवळत होता आणि मुंढा काचत होता. एकाच ब्लाउजात सैल आणि घट्ट दोन्ही पाहिल्यावर कारण कळले: पुठ्ठ्यात अर्धा इंच माया आधीच होती आणि आक्कांनी कडेने आणखी अर्धा इंच सोडून खडू मारला होता. दोन प्रिन्सेस शिलाया आणि काखेखालच्या दोन कुशीच्या शिलाया, प्रत्येकीत दोन्ही बाजूंनी अर्धा इंच जास्त, म्हणजे एकूण 4 इंच. गळ्याला आणि मुंढ्याला मात्र बाहेर सोडलेली माया म्हणजे भोक लहान करणे होय.

आक्कांना दोष देता येत नाही. मी 32, 34 आणि 36 चे पुठ्ठे मायेसकट काढले होते, तर 38 आणि 40 चे पुरामुळे राहिलेले काम म्हणून निव्वळ रेषेचेच खुंटीला टांगले होते, आणि कशावरही तसे लिहिले नव्हते. आक्कांनी सोमवारी 38 कापताना मला विचारले होते, मी "हो, माया सोडा" म्हटले होते, आणि त्यांनी ते लक्षात ठेवले. सहाही ब्लाउज उसवले, गळ्याच्या क्रॉस पट्ट्या काढल्या, पुन्हा कोरले आणि नव्या, अधिक लांब पट्ट्या लावल्या. रात्री साडेअकरापर्यंत आम्ही चौघी बसलो होतो. चूक उलटी झाली असती, म्हणजे निव्वळ पुठ्ठ्यावर माया न सोडता कापड कापले गेले असते, तर सहा जणींचे कापड भरून द्यावे लागले असते.

माझ्या चुलत बहिणीच्या मुलीने जर्मनीहून बुर्डा या शिवणनमुन्यांच्या मासिकाचा एक अंक पाठवला होता, तो आज काढून पाहिला. एका मोठ्या कागदावर डझनभर कपड्यांच्या रेषा एकमेकींवरून धावत असतात आणि आपल्या मापाची रेषा शोधून वेगळ्या कागदावर उतरवून घ्यावी लागते. त्यात माया धरलेली नसते, ती आपण सोडायची. अमेरिकी कंपन्यांच्या पाकिटांतील पातळ कागदांत याउलट पाच सूत माया आधीच असते. एबेनेझर बटरिक या शिंप्याने 1863 मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्टर्लिंग गावी वेगवेगळ्या मापांचे कागद विकायला सुरुवात केली. त्यापूर्वीचे नमुने एकाच मापात येत आणि ते आपल्या अंगाएवढे करणे बायकांवर सोडलेले असे. बटरिकच्या सुरुवातीच्या कागदांवर काही छापलेलेही नसे, नुसती भोके आणि खाचा असत. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी कोणीतरी माझ्यासारखाच कोरा कागद टांगून ठेवला असणार आणि कोणा आक्कांनी त्यावर दुसऱ्यांदा माया सोडली असणार.

12 ऑगस्ट

सर्व पुठ्ठे मायेसकट केले. कुशीला एक इंच, कारण आपल्याकडे ब्लाउज दोन वर्षांनी सैल करून मिळावा अशी प्रत्येकीची अपेक्षा असते. प्रिन्सेस शिलाईला आणि खांद्याला अर्धा इंच. गळ्याला आणि मुंढ्याला दोन सूत. शिलाईची रेषा आतून लाल पेनने आखली आहे. प्रत्येक तुकड्यावर माप, तुकड्याचे नाव, किती कापायचे, घडीवर की सुटा, उभ्या धाग्याचा बाण आणि "माया आहे, सोडू नये" हे ठळक लिहिले आहे. शेवटचे वाक्य आक्कांनी स्वतःच्या अक्षरात लिहिले.

21 ऑगस्ट

आता गौरी-गणपतीच्या आधीचे खणांचे काम सुरू झाले आहे. घरोघरी ओटीत आलेले खण कपाटात साठलेले असतात आणि सणाच्या तोंडावर बायका ते एकदम घेऊन येतात. खणाचा पन्हा जेमतेम 31 इंचांचा आणि लांबी बहुधा 80 सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ चौकोनी तुकडा. मी आजवर आधी पाठ कापत असे आणि शेवटी बाहीला कापड कमी पडले की बाही आखूड करीत असे, किंवा काखेत ठिगळ घालीत असे.

पुठ्ठे असल्यामुळे आज पहिल्यांदा काहीही न कापता सर्व तुकडे खणावर मांडून, सरकवून पाहिले. 36 चा ब्लाउज असा बसतो: दोन्ही बाह्या एकाच काठाला लागून, काठ बाहीच्या टोकाला येईल अशा, उरलेल्या भागात पाठ घडीवर, आणि पुढचे चार तुकडे एकमेकांच्या वळणात वळण घालून. हुकपट्टी आणि गळ्याची पट्टी अस्तरातून काढायची. काठ बाहीला हवा असल्यामुळे बाहीचा उभा धागा दंडाभोवती फिरतो, लांबीला नाही, म्हणून बाहीच्या पुठ्ठ्यावर दोन बाण काढले आहेत आणि एकाशेजारी "खण" असे लिहिले आहे. 38 हा ओढूनताणून बसतो. 40 बसत नाही, हे आता गिऱ्हाइकाला कापड घेतानाच सांगता येते. मांडणीचा मोबाइलवर फोटो काढून कापणीच्या टेबलासमोर चिकटवला.

2 सप्टेंबर

मुलाच्या सांगण्यावरून बाहीचा एक नवा नमुना इंटरनेटवरून घेऊन छापून आणला. छापणाऱ्याने पान कागदात बसावे म्हणून आपोआप लहान होऊ दिले, आणि कोपऱ्यातील तपासणीचा चौकोन, जो 2 इंचांचा हवा, तो दोन इंचांना थोडा कमी भरला. तेवढ्या फरकाने 36 चा ब्लाउज 35 च्याही खाली जातो. पुन्हा छापून घ्यायचा कंटाळा केला.

19 सप्टेंबर

गणपती बोळवून कामावर आलो. एक गिऱ्हाईक असे आले की ज्यांची छाती 40, पाठ 36 ची आणि डावा खांदा उजव्याहून अर्धा इंच खाली. आक्का 40 चा पुठ्ठा काढू लागल्या तेव्हा मी थांबवले. मास्तरांचे "कागदाला पाठ नसती" हे म्हणणे अशा वेळी शब्दशः खरे असते. पाठ 36 ची, पुढचा मधला तुकडा 38 चा आणि बाजूचा 40 चा, असे तीन मापांतून तुकडे घेऊन, साध्या खाकी कागदावर उतरवून, रेषा पुन्हा चालवून एक वेगळा कागद तयार केला आणि डावा खांदा त्यावर वेगळा आखला. पुठ्ठे नसते तर मी हे अंदाजाने केले असते आणि बहुधा जमलेही असते. फरक एवढाच की त्या बाई पुन्हा आल्या तर त्यांचा कागद खुंटीला आहे.

28 सप्टेंबर

नवरात्राचे 52 ब्लाउज आजअखेर कापून झाले. त्यांतील 37 मी कापलेले नाहीत. तीन परत उसवावे लागले. दोन माझ्या हातचे होते.

दुपारी मास्तर आले. माडीचे जिने चढायला त्यांना वेळ लागला. खुंटीवरचे पुठ्ठे त्यांनी एकेक करून उतरवले, मुंढ्याच्या वळणावरून अंगठा फिरवून पाहिला, 40 चा पुठ्ठा उजेडात धरून "सव्वाआठ ठेवलास व्हय" असे म्हणाले, आणि खाचांविषयी दोन दुरुस्त्या सांगितल्या, ज्यांतील एक मला पटली. चहा झाल्यावर निघताना त्यांनी 36 च्या बाहीचा पुठ्ठा पुन्हा हातात घेतला. "ह्यो मला दे. बाहीच्या गोलावर हात हलतोय हल्ली," म्हणाले.

वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. बाहीचा नवा पुठ्ठा उद्या सकाळी सर्वांत आधी काढायचा आहे. मागची खाच या वेळी मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे दोन सूत खाली.